चार मिनिटांची दुरुस्ती

इन्शुलिनचा पंप निवडायला बायकोबरोबर आपणही दवाखान्यात जायचं, एवढंच घड्याळजींनी ठरवलं होतं. त्यात कुणाचं वाईट व्हावं असं काही नव्हतं. उलट सव्वीस वर्षांच्या संसारात आपण पहिल्यांदाच दुकान बंद ठेवून तिच्यासाठी एक अख्खी सकाळ काढतोय, याचं त्यांना मनातून कौतुक वाटत होतं. (संसार एकतीस वर्षांचा. सव्वीस वर्षं झाली ती तिच्या मधुमेहाला. पण घड्याळजींच्या बोलण्यात हे दोन आकडे नेहमी एकमेकांच्या जागी जाऊन बसत.)

घड्याळजींचं दुरुस्तीचं दुकान बँकेला लागून होतं, आणि इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला बाहेर उभं राहून भाव विचारावा लागे. चौतीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती एक गोल वळ कायमचा उठला होता. स्वभावही तसाच झाला होता. बारीक गोष्ट त्यांना फार मोठी दिसे, आणि मोठी गोष्ट नजरेत मावतच नसे.

बायको पोहायला शिकवायची. तलावावर सगळे तिला बाई म्हणत, आणि बाईंचा संध्याकाळचा वर्ग असे तो मोठ्या, पाण्याला घाबरणाऱ्या बायकांचा. अठ्ठाविसाव्या वर्षी बाईंच्या शरीराने इन्शुलिन बनवणं सोडून दिलं, तेव्हापासून रोज चार इंजेक्शनं. घड्याळजींनी एकदा बसून गुणाकार केला होता. अडतीस हजारांच्या घरात आकडा गेला. तो त्यांनी जेवताना बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितला, आणि बाई ताटावरून उठून गेल्या. आकडा बरोबर असूनही बायको का उठली, हे त्यांना पुढे कित्येक दिवस उलगडलं नव्हतं.

अलीकडे मात्र इंजेक्शनांनी भागेना. पहाटे शुगर आपोआप चढायची आणि संध्याकाळी पाण्यात उतरलं की झपाझप खाली यायची. डॉक्टरांनी पंप सुचवला. दिवसभर थेंबाथेंबाने इन्शुलिन देणारं यंत्र. पहाटे जास्त, संध्याकाळी पोहण्याच्या वेळी कमी, असं तासातासाचं माप त्यात भरून ठेवायचं. डॉक्टर म्हणाले, यंत्र हुशार आहे, फक्त त्याला वेळ नीट कळली पाहिजे. ‘वेळ’ हा शब्द ऐकला आणि घड्याळजी खुर्चीत सरसावून बसले. आता विषय त्यांच्या हातात आला होता.

दवाखान्यातल्या सिस्टरने टेबलावर दोन पंप मांडले. एक होता लहानशा मोबाइलएवढा, कमरेला अडकवायचा, त्याच्यातून निघालेली बारीक नळी पोटापर्यंत जाणारी. पाण्यात उतरताना तो काढून ठेवायचा आणि तासाभराच्या आत परत लावायचा. दुसरा म्हणजे आगपेटीएवढी पांढरी डबी. ती दंडावर चिकटवायची, पाण्यातही चालते, हुकूम द्यायला वेगळा रिमोट. डबी तीन दिवसांनी फेकून द्यायची आणि नवी लावायची.

घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं. डबी उलटीसुलटी केली. मग त्यांनी सिस्टरला विचारलं की याचे स्क्रू कुठे आहेत. सिस्टर म्हणाली, स्क्रू नाहीत, ही उघडायची नसते. बिघडली तर, असं त्यांनी विचारलं. तर बदलायची. आणि नाही बिघडली तर? तरीही तीन दिवसांनी फेकायची. हे ऐकून घड्याळजींचा चेहरा असा झाला, की सिस्टरने त्यांना पाणी हवंय का विचारलं. चांगली चालणारी वस्तू केराच्या डब्यात टाकायची, ही कल्पना त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती. लोकांनी फेकलेली घड्याळं चालती करण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

त्यांचं मत नळीवाल्या पंपाकडे पडलं. त्याला स्टीलची क्लिप होती, बटणं दाबल्यावर टक् असा आवाज यायचा, हातात घेतलं की वस्तू घेतल्यासारखं वाटायचं. ते दहा मिनिटं बोलले. क्लिपच्या स्प्रिंगबद्दलच चार मिनिटं बोलले असतील. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सिस्टरला एकच प्रश्न विचारला.

“मी पाण्यात असताना यातला कोणता माझ्याबरोबर असेल?”

सिस्टरने डबीवर बोट ठेवलं. निवड झाली. घड्याळजींनी भिंग खिशात टाकलं आणि पडत्या फळाची आज्ञा मानून म्हणाले, मीही तेच सुचवणार होतो.

पण नुसतं बघ्यासारखं बसणं त्यांना जमणारं नव्हतं. नमुन्याची एक रिकामी डबी त्यांनी सिस्टरकडून मागून घेतली आणि स्वतःच्या हातावर चिकटवली. तीन दिवस आपणही लावून बघू, म्हणजे हिला कसं वाटेल ते कळेल. (हेतू खरोखर चांगला होता.) दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते बाही वर करून दाखवत. घरी बाईंना धीर देत की अगं, काही नाही, मला तर लावल्याचं कळतही नाही. बाईंनी आठवण करून दिली की तुमच्या डबीत सुई नाही, औषध नाही, आणि ती पडली तरी तुमचं काही बिघडत नाही. तिसऱ्या दिवशी डबी काढायची वेळ आली, तेव्हा कळलं की सिस्टरने सांगितलेली दंडामागची जागा सोडून त्यांनी ती केसाळ मनगटाच्या वर लावली होती. पुढची पाच मिनिटं शेजारपाजाऱ्यांना कळली. मनगटावर चौकोनी टक्कल घेऊन घड्याळजी आठवडाभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत होते.

बाईंचा खरा पंप गुरुवारी सकाळी सुरू झाला. सिस्टरने तासातासाचं माप भरलं, तारीख-वेळ लावली, डबी कशी बदलायची ते दोनदा करून घेतलं. डबी दंडावर बसली आणि आतून टक् आवाज होऊन सुई आत गेली, तेव्हा बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या हसत होत्या. तीन दिवस सगळं सुरळीत गेलं. शनिवारी सकाळी शुगर एकशे अठरा आली. बाई तो आकडा बराच वेळ बघत राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, अशी असते होय सकाळ.

रविवारी दुपारी घरी पहिल्यांदाच डबी बदलायची होती. दोघं टेबलाशी बसले. बाईंनी डबी भरली, लावली, सगळं सिस्टरने दाखवलं तसं केलं, आणि हात धुवायला आत गेल्या. रिमोट घड्याळजींच्या हातात राहिला.

त्याच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती. तीन वाजून सोळा मिनिटं. घड्याळजींनी मनगटावर बघितलं. तीन वीस. त्यांचं मनगटी घड्याळ रोज सकाळी दुकानातल्या मोठ्या घड्याळाशी मिळवलेलं असे, आणि दुकानातलं घड्याळ म्हणजे अख्ख्या चौकाचा आधार. बँकेचा शिपाई त्याच्याकडे बघून शटर वर करायचा. म्हणजे हे हुशार यंत्र चार मिनिटं मागे होतं, आणि डॉक्टर तर म्हणाले होते की वेळ नीट कळली पाहिजे.

दुसऱ्या कुणी चार मिनिटं सोडून दिली असती. घड्याळजी सोडतील कशी? बटणं दाबत दाबत ते वेळेच्या पानावर पोचले, सोळाचे वीस केले, आणि पुढे यंत्राने बारीक इंग्रजी अक्षरांत विचारलेल्या दोन-तीन गोष्टींना, घाईच्या माणसाने द्यावा तसा, होकार दिला. भिंग त्या वेळी दुकानात होतं. बाई हात पुसत बाहेर आल्या तेव्हा रिमोट टेबलावर होता आणि घड्याळजींच्या चेहऱ्यावर घरात काहीतरी दुरुस्त केल्याचं समाधान होतं. सांगण्यासारखं मोठं काम नाही म्हणून ते काही बोलले नाहीत. (हेच काम त्यांनी सांगण्यासारखं मानलं असतं, तर पुढचं टळलं असतं.)

संध्याकाळी बाईंच्या हाताला कंप सुटला. शुगर कमी आली. त्यांनी पाव आणि जॅम खाल्ला. नवं यंत्र आहे, होईल थोडं वर-खाली, असं म्हणून गोष्ट तिथेच सोडली. सोमवारी सकाळी मात्र शुगर आली दोनशे त्र्याऐंशी.

घड्याळजी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “काल काय खाल्लंस?”

हा प्रश्न ते सव्वीस वर्षं विचारत आले होते. त्यात राग नसे. घड्याळ बंद पडलं की सेल बघावा, तशी शुगर चढली की ते आधी ताट बघत. बाईंनी पाव-जॅमचं सांगितलं. घड्याळजींनी मान हलवली. म्हणाले, बघ, आपलं यंत्र बिचारं काम करतंय, आपण त्याला साथ द्यायला हवी. आज संध्याकाळी ती बिस्किटंही नकोत. बाई पोहायला उतरण्याआधी दोन बिस्किटं खात असत.  बाईंनी सिस्टरने सांगितलं होतं तसा जादा डोस घेतला. दुपारपर्यंत शुगर खाली आली. संध्याकाळी तलावावर तपासली तेव्हा एकशे एकतीस होती. बिस्किटांचा पुडा त्यांनी पिशवीतून काढला, बघितला आणि परत ठेवला. या वेळी पंप कमीच देतो, हे त्यांना माहीत होतं.

वर्गात आठ जणी होत्या. त्यातल्या एकीला सगळ्या कठडेबाई म्हणत. निवृत्त टायपिस्ट. तीन महिन्यांत त्यांनी तलावाच्या कडेचा कठडा एकदाही सोडला नव्हता. इतर जणी पाय मारायच्या, बुडबुडे काढायच्या. कठडेबाई दोन्ही हातांनी कठडा धरून छातीभर पाण्यात उभ्या राहत आणि बाईंच्या तोंडाकडे बघत. सबंध तासभर त्यांची नजर तिथून हलत नसे, कारण आपला जीव त्या चेहऱ्यावर अवलंबून आहे अशी त्यांची समजूत होती.

बाई पाण्यावर उताणं तरंगायला शिकवत होत्या. श्वास मोजायला सांगत होत्या. एक, दोन, तीन. मग परत तीन. मग आणखी एकदा तीन. बायकांना वाटलं, आज तीनावरच थांबायचंय. मग बाई मागे रेलल्या आणि पाण्यावर पडल्या. एकजण कौतुकाने म्हणालीसुद्धा, की बघा, अंग सोडणं याला म्हणतात.

कठडेबाईंनी तो चेहरा बघितला. ओठ पांढरे पडले होते आणि डोळे उघडे असून कुणालाच बघत नव्हते. पुढे त्यांना कितीही जणांनी विचारलं, तरी कठडा कधी सोडला ते त्यांना सांगता आलं नाही. मधे सात-आठ पावलांचं पाणी होतं. ते त्यांनी कसं कापलं याचं वर्णन करायला पोहणं हा शब्द चालणार नाही, आणि चालणंही नाही. पण त्या पोचल्या. बाईंच्या पोशाखाची पट्टी मुठीत धरली आणि कडेला खेचत आणलं. तोवर बाकीच्या सहा-सात जणी धावल्या, पलीकडच्या टोकाचा रक्षक आला, सगळ्यांनी मिळून बाईंना वर घेतलं. बाईंना गिळता येत होतं. कुणाच्या तरी पिशवीतला फळाचा रस त्यांना घोट घोट पाजला.

फोन घड्याळजींना कठडेबाईंनीच केला. दुकानात त्या वेळी एक जुनं घड्याळ आतडी उघडी टाकून टेबलावर पडलं होतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा घड्याळजी उघड्या घड्याळावर झाकण न ठेवता निघाले. शटर ओढलं का, ते त्यांना पोचेपर्यंत आठवेना.

बाई बाकावर तीन टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून घड्याळजींना जे वाटलं ते बोलून दाखवण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते यंत्रावर चिडले. बाईंच्या पिशवीतून रिमोट काढून त्यांनी सिस्टरला फोन लावला. हातात रिमोट होता, म्हणून फोन बाकावर ठेवून मोठ्या आवाजावर टाकला. आठ ओल्या बायका भोवती उभ्या होत्या. घड्याळजींनी सुरुवातच केली की तुमच्या यंत्राने आज माझी बायको मारली असती. सिस्टरने त्यांना बोलू दिलं. मग विचारलं, शुगर किती? बाईंनी सांगितलं, आधी अठ्ठेचाळीस होती, आता एकशे चार. सिस्टरने सुस्कारा सोडला. म्हणाली, काका, रिमोटवर किती वाजलेत तेवढं सांगा.

“सहा बावन्न,” घड्याळजी म्हणाले. “वेळेचं मला विचारू नका. ती मी स्वतः लावली आहे.”

“कधी?”

“काल. चार मिनिटं मागे होतं तुमचं यंत्र.”



“काका, सहा बावन्नच्या पुढे दोन अक्षरं असतील. ती वाचा.”

घड्याळजींनी रिमोट डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. शेवटी कठडेबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि टायपिस्टच्या स्पष्ट आवाजात वाचलं, “ए एम.” मग त्यांनी घड्याळजींकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, “म्हणजे याच्यात आत्ता सकाळ आहे?”

कुणी हसलं नाही. कालपासून पंप संध्याकाळी पहाटेचा डोस देत होता आणि पहाटे संध्याकाळचा. पाव-जॅम का खावा लागला, सकाळी शुगर का चढली आणि आज पाण्यात बाईंची शुद्ध का हरपली, हे सगळं घड्याळजींना त्या दोन अक्षरांत दिसलं. बिस्किटांचंही. सिस्टरने सांगितलं की वेळ आत्ता लगेच बदला, आणि बाईंच्या मोबाइलवरची धरा. मोबाइलवर सहा अठ्ठेचाळीस होते. घड्याळजींनी मनगटावर बघितलं. मग तलावाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिथेही सहा अठ्ठेचाळीसच. यंत्र कधीच मागे नव्हतं. घड्याळजींचं दुकान पुढे होतं, आणि त्याच्याबरोबर बँकही.  वेळ बाईंनी स्वतः लावली.

दोघं चालत घरी निघाले. रस्ता दहा मिनिटांचा. त्यांना अर्धा तास लागला. घड्याळजी बाईंच्या बाजूने चालत होते आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याआधी त्यांचा दंड धरत होते. दोनदा त्यांनी डबीवरच हात ठेवला. बेकरीच्या कोपऱ्यावर बाई थांबल्या.

“एक सांगू?” त्या म्हणाल्या. “पाण्यात मला कळत होतं थोडं. हात हलत नव्हते, पण कळत होतं. मरणाची भीती नाही वाटली. मनात आलं, आता घरी गेल्यावर हे विचारतील, काय खाल्लं होतंस.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर घड्याळजींना उत्तर देता आलं असतं. बाईंच्या सव्वीस वर्षांतल्या सकाळी त्यांनी एकेक करून आठवून बघायचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक सकाळी त्यांना चहाचा कप खाली ठेवणारा एकच माणूस दिसला. ते कोपऱ्यावर उभेच राहिले. बेकरीवाल्याने विचारलं, काका, काय देऊ?  शेवटी बाईंनीच बिस्किटांचा पुडा घेतला, फोडला, आणि त्यांच्या हातावर दोन ठेवली. रस्त्याच्या कडेला उभं राहून एकसष्ट वर्षांचा तो माणूस बिस्किट खाता खाता रडला. बाईंनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, चला, लोक बघतायत.

पुढच्या आठवड्यात घरात एक नवीच भाषा ऐकू येऊ लागली. सकाळी बाईंनी बोटाला सुई टोचली, की घड्याळजींच्या तोंडात ‘काय’ यायचं. ते तिथल्या तिथे गिळून ते ‘कसं’ करायचे. बाहेर पडायचं ते “का–कसं वाटतंय?” बाई म्हणायच्या, का-कसं छान वाटतंय. आकडा मात्र आता त्या स्वतःहून सांगत, आणि तो चांगला असे. कठडेबाई मंगळवारी वर्गाला आल्या आणि पहिली गोष्ट केली ती कठडा धरण्याची. पण एका हाताने.

बुधवारी दोघं दवाखान्यात गेले. घड्याळजींनी डॉक्टरांसमोर सगळा गुन्हा स्वतःहून कबूल करायचं ठरवलं होतं. कबुलीची तीन वाक्यं त्यांनी वाटेत पाठ केली होती. पण सिस्टरने आधीच सगळं सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे त्यांना ती वापरायची संधीच मिळाली नाही. डॉक्टरांनी आकडे बघितले, समाधान व्यक्त केलं, आणि नुसतं एवढंच म्हटलं की रिमोटला कुलूप घालून घ्या. चार आकड्यांचा गुप्त नंबर टाकल्याशिवाय कुणाला आत जाता येणार नाही, अशी सोय त्यात होती.

सिस्टरने फॉर्म काढला. कुलपाची सोय का हवी, ते त्यात लिहायचं होतं. तिने छापील प्रश्न वाचला. घरात यंत्राला हात लावणारं लहान मूल आहे का?

“आहे,” बाई म्हणाल्या.

सिस्टरने मान वर न करता पुढचा रकाना वाचला. वय?

बाईंनी शेजारी बघितलं. घड्याळजी मांडीवर दोन्ही हात ठेवून, अंग चोरून, अगदी शहाण्यासारखे बसले होते.

“एकसष्ट,” बाई म्हणाल्या.

सिस्टरने तो आकडा नीट अक्षरात लिहिला. मग पेन थांबवून तिने विचारलं, नंबर लावताना त्यांना बाहेर बसवायचं का. घड्याळजी स्वतःच उठले आणि जाताना त्यांनी दार हळूच ओढून घेतलं. बाहेरच्या बाकावर जागा होती. शेजारी एक चार वर्षांची मुलगी बसली होती. तिने त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, तुम्ही पण हात लावला का?